उन्हाळ्यात प्लांटेड टँकची नवी पानं वाकडी का येतात?

तक्रार दरवर्षी तीच. दिवाळीपासून होळीपर्यंत प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, झकास चाललेली असते. रोटाला ही पाणवनस्पती लाल, पुढच्या बुटक्या झाडांचा गालिचा दाट, श्रिंप पिल्लं देतायत. मार्च उलटला की नवी पानं बारीक यायला लागतात, कडा आत वळतात, शेंडा काळा पडून वाढ थांबते. खालची जुनी पानं मात्र धडधाकट. मग माणूस लोह वाढवतो, पोटॅशियम वाढवतो, दुकानदाराने गळ्यात मारलेली तिसरी बाटलीही ओततो. शेवाळ वाढतं, पानं काही सुधारत नाहीत. पुढे पावसाळ्यात धरणं भरतात, सगळं आपोआप सुरळीत होतं आणि श्रेय त्या तिसऱ्या बाटलीला जातं.

हे दुखणं खताचं क्वचितच असतं. खत तेच, दिवे तेच. घरात येणारं पाणी बदललेलं असतं.

पुण्याचं उदाहरण घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत साठतं ते सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी, आणि ते मऊ, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेलं, असतं. पण शहराच्या कडेच्या सोसायट्यांत फेब्रुवारीनंतर हे पाणी कमी पडतं आणि टँकर सुरू होतो, सोबत बोअरही. दोन्ही पाणी त्याच भूमिगत टाकीत पडतं आणि कुठल्या दिवशी कशात काय किती मिसळलं हे पंप चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून मुरत आलेलं असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी वर्षभर मऊ, त्यामुळे तिथली अडचण उलटी: टाकीत कॅल्शियमच पुरेसं नसतं. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणीही मऊच. मराठवाड्यात बोअरवर टाकी चालवणाऱ्यांचं पाणी निदान बाराही महिने एकसारखं जड असतं, आणि झाडांच्या दृष्टीने ते सतत बदलणाऱ्या पाण्यापेक्षा बरं.

टीडीएस मीटरवर विसंबू नका

दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आता प्रत्येकाकडे असतो, आणि बहुतेक चुकीची निदानं तिथूनच निघतात. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एक ढोबळ आकडा देतो. त्यातलं कॅल्शियम किती, सोडियम किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. ‘माझा टीडीएस ४०० आहे, जास्त आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

मोजायचं ते जीएच आणि केएच, दोन्ही वेगवेगळे. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. केएच म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, म्हणजे पीएच एकदम घसरू न देणारा साठा. दोन्ही अंशांत मोजतात आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. सोसायटीने पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली असेल तर सेक्रेटरीकडून तो कागद मागा. त्यातल्या ‘टोटल हार्डनेस’ला १७.९ ने भागलं की जीएच, ‘टोटल अल्कलिनिटी’ला भागलं की केएच. बऱ्याचदा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे वेगळे आकडेही असतात, आणि ते कुठल्याही किटपेक्षा चांगले. फक्त तारीख बघा. ऑगस्टचा अहवाल एप्रिलमध्ये कामाचा नाही.

त्याच कागदावर ‘पिण्यायोग्य’ लिहिलेलं असतं, त्याने हुरळून जाऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. म्हणजे जीएच ११ पासून जवळजवळ ३४ पर्यंत! माणूस ते पिऊ शकतो, पण त्यात नाजूक स्टेम प्लँट, म्हणजे रोटालासारखी उभ्या देठाची झाडं, लावायची का, हा वेगळा प्रश्न.

थेंबांचं किट वापरा, पट्ट्या नकोत. ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं आणि रंग पूर्ण पालटेपर्यंत थेंब मोजायचे. थेंब तितके अंश. केएचमध्ये निळ्याचं पिवळं होतं, ते सहज दिसतं. जीएचचं किट फसवतं. नारिंगीचं हिरवं होण्याआधी मध्ये एक मळकट तपकिरी रंग येतो आणि लोक तिथेच थांबतात. नळी पांढऱ्या कागदासमोर धरा, आणखी एक थेंब टाका. हिरवा रंग स्वच्छ झाला की आधीचा थेंब अपुरा होता असं समजा. मऊ पाण्यासाठी १० मिली घेतलं की प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो.

मोजायची तीन पाणी: नळाचं, टाकीतलं, आणि वॉटर चेंजसाठी, म्हणजे टाकीतलं थोडं पाणी काढून नवं घालायला, बादलीत भरता ते. तिसरं लोक विसरतात.

टीडीएस ६५०, जीएच १

हा निकाल आला की किट बिघडलं असं वाटतं. नवं किट येतं, तेही तेच सांगतं. किटचा काही दोष नाही, तुमच्या इमारतीत सॉफ्टनर बसवलेला आहे. पंपाच्या खोलीशेजारी मिठाची पोती रचलेली दिसली तर शंकाच नको. त्या यंत्रातल्या रेझिनच्या बारीक मण्यांमधून बोअरचं पाणी जातं तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रेझिन धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा धुतात. क्षार कमी होत नाहीत, फक्त त्यांची अदलाबदल होते. म्हणून टीडीएस जिथल्या तिथे, केएच १५-१६ आणि जीएच जवळपास शून्य. पहिल्याच थेंबाला नळीतलं पाणी हिरवं.

स्वयंपाकघरालाही हे कळतं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिट्ट्या होऊनही अख्खी राहते, सॉफ्टनरच्या पाण्यात गळून जाते. अंघोळ करताना साबण अंगावरून निघतच नाही असं वाटतं. गीझरची कॉइल पांढरी पडत नाही, त्यामुळे सोसायटी खूश. आणि तुमच्या टाकीतल्या झाडांना नवी पेशीभित्ती बांधायला कॅल्शियमच मिळत नाही. कॅल्शियम झाडात एकदा जिथे बसतं तिथून हलत नाही, जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही. म्हणून जुनं पान हिरवंगार आणि शेंडा मात्र वाकडा. गोगलगायी पाळल्या असतील तर त्यांचे शंख बघा: टोकाकडून पांढरे पडून खड्डे पडायला लागलेले असतात. श्रिंप कात टाकताना मरतात.

उन्हाळ्यातल्या वाकड्या पानांमागे मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं. महापालिकेचं पाणी भरपूर असताना सॉफ्टनरमधून फारसं काही जात नसतं. बोअर दिवसरात्र चालू झाला की टाकीचं सगळं पाणी सॉफ्टनरमधूनच येतं.

घरातल्या आरओबद्दलही एक सांगतो. ‘मी तर आरओचंच पाणी घालतो’ म्हणणाऱ्यांनी त्या पाण्याचा टीडीएस मोजावा, इथे मीटर उपयोगी आहे. बऱ्याच घरगुती यंत्रांत चव राहावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो. आकडा ८०-१०० आला तर ते शुद्ध आरओ नाही, आणि मूळ पाणी सॉफ्टनरचं असेल तर मिसळलेलं ते सोडियमच आहे. मेंब्रेनमधून थेट निघणारी नळी मेकॅनिककडून वेगळी काढून घ्या. रिजेक्टची, म्हणजे यंत्राने टाकून दिलेल्या पाण्याची, नळी मात्र टाकीत कधीही नको. झाडून सगळे क्षार तिथेच गोळा झालेले असतात.

आकडे कुठे आणायचे

सर्वसाधारण प्लांटेड टँकला जीएच ५ ते ८, केएच २ ते ४ हे सोयीचं. कॅल्शियम लिटरला २०-३० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ५-१०. यात काही जादू नाही. व्हॅलिस्नेरिया, अनुबियस, जावा फर्न, बऱ्याचशा क्रिप्टोकोरिन जीएच १५ लाही वाढतात, आणि तुम्हाला तेवढंच हवं असेल तर खटाटोप कशाला करता? आकडा रोज एक असणं हे आकडा आदर्श असण्यापेक्षा महत्त्वाचं.

साधं बोअरचं पाणी असेल तर उपाय सोपा: आरओ मिसळा. बोअरचा जीएच २४ आणि केएच १८ असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ घेऊन जीएच ६, केएच ४.५ मिळतो. बेसाल्टातल्या पाण्यात मॅग्नेशियम सहसा पुरेसं असतं, वरून काही घालायला लागत नाही.

सॉफ्टनरचं पाणी असेल तर आधी त्याच्या अलीकडचा नळ शोधा. बागेला पाणी घालायचा नळ बहुतेकदा थेट बोअरवर असतो. तो मिळाला तर वरचाच हिशोब लावा. नाहीच मिळाला तर एक भाग सॉफ्टनरचं आणि तीन भाग आरओ घ्या. केएच ४ च्या आसपास येईल, जीएच शून्यच राहील. तो आपण घालायचा. मुंबईच्या किंवा निव्वळ आरओच्या पाण्यालाही हेच लागू.

१०० लिटरला एक अंश जीएच चढवायला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ३ ग्रॅम लागतं. त्यातून लिटरला ७ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. एप्सम सॉल्टने, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटने, तोच एक अंश चढवायला ४.४ ग्रॅम, त्यातून ४.३ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. तेव्हा १०० लिटर नव्या पाण्यात १२ ग्रॅम जिप्सम आणि साडेसहा ग्रॅम एप्सम घातलं की जीएच साडेपाच, कॅल्शियम २८, मॅग्नेशियम साडेसहा. केएच शून्य असेल आणि चढवायचा असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट, एका अंशाला ३.६ ग्रॅम. खायच्या सोड्याने ३ ग्रॅममध्ये काम होतं, पण पुन्हा सोडियम आलं. एखाद-दुसऱ्या अंशासाठी ठीक.

जिप्सम विरघळायला वेळ घेतं. बादलीत भुकटी खाली बसते, पाणी ढवळा, रात्रभर हवेच्या पंपाचा दगड सोडून ठेवा. तळाला थोडा थर उरला तर घाबरू नका. शेतीचं जिप्सम अशुद्ध असतं, ते नको; पीओपीच्या पिशवीत काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही, तेही नको. रसायनं विकणाऱ्या दुकानात शुद्ध मिळतं. आणि पानाचा चुना? ‘कॅल्शियमच तर आहे’ म्हणून चिमूटभर चुना टाकायला सांगणारे एक काका प्रत्येक ओळखीत असतात. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे. मऊ पाण्यात पीएच असा उसळतो की मासे तासाभरात आडवे.

सगळं नव्या पाण्यात मिसळायचं, थेट टाकीत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनारी काटा घ्या, चमच्याने मोजू नका. टाकीत किती लिटर पाणी आहे ते काढायला लांबी, रुंदी, उंचीचे फूट गुणून २८ ने गुणा आणि माती-दगडांचे दहा-पंधरा टक्के वजा करा. आणि बदल हळू करा: दर दोन-तीन दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी. एका दमात निम्मं पाणी बदलून जीएच १ वरून ६ केला तर झाडं सोसतील, श्रिंप सोसणार नाहीत.

वॉटर चेंज नीट आणि टॉप-अप मात्र नळाने, हा आणखी एक घोळ. एप्रिलमध्ये टाकीवर पंखा लावला की पाणी भराभर उडतं, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीत महिन्याभरात ४० लिटर जीएच १० चं पाणी भरून काढलं, तर ४ अंश नुसते त्यातूनच चढले. उडालेलं पाणी शुद्ध आरओनेच भरायचं.

मग खत

पाणी एका जागी आलं की पानांकडे बघा. रंग गेला आणि आकार शाबूत असेल, नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट, तर लोह. आकारच गेला असेल तर कॅल्शियम, किंवा सीओटू, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड, दिवसभरात खालीवर होतोय. जुन्या पानांवर दिसतं ते वेगळं: टाचणीएवढी भोकं पडून कडा पिवळ्या झाल्या तर पोटॅशियम, शिरांमधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम, पान सबंध फिकट होऊन गळलं तर नायट्रोजन.

महागड्या बाटल्यांना माझा विरोध नाही, पण महाराष्ट्रात राहून त्या घ्यायची गरजही नाही. द्राक्ष-डाळिंबवाल्यांसाठी कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतं असतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. मॅग्नेशियम सल्फेटही तिथेच. एकेक किलोचं पाकीट टाकीला वर्षानुवर्षं पुरतं. डबा घट्ट बंद ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ढेकूळ होतं. १०० लिटरमध्ये १ ग्रॅम १३:००:४५ घातलं की नायट्रेट साधारण पावणेसहा आणि पोटॅशियम पावणेचार मिलिग्रॅम चढतं. सीओटू असलेल्या मध्यम उजेडाच्या टाकीला आठवड्याला दोन ग्रॅम ते आणि ०.२ ग्रॅम ००:५२:३४ इथून सुरुवात करा. सीओटू नसेल तर तिसरा हिस्सा पुरे, माशांचं खाणं बाकीचं भरून काढतं.

त्याच फळीवरच्या दोन पिशव्यांना हात लावू नका. १९:१९:१९ मध्ये युरिया आणि अमोनियम असतं. कॅल्शियम नायट्रेटचं नाव ऐकून एका दगडात दोन पक्षी असा मोह होतो, पण शेतीच्या त्या दाण्यांतही थोडं अमोनियम असतंच. पीएच ८ च्या टाकीत त्याचा अमोनिया होतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांची शेतीतली मिश्रणंही नकोत. त्यात तांबं आणि जस्त पिकाच्या गरजेइतकं असतं, श्रिंपसाठी ते विष. इथे मात्र ॲक्वेरियमची बाटली घ्या.

लोहात फरक चिलेटचा, म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगाचा. ईडीटीएचं लोह पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत तग धरतं. जड पाण्याच्या टाकीत ईडीटीए कितीही ओता, काही तासांत ते झाडाच्या कामाचं राहत नाही. ईडीडीएचए याहून जास्त पीएचलाही टिकतं, चुनखडीच्या जमिनीत शेतकरी तेच वापरतात, पण पाण्याला लालसर झाक येते. लोह आणि फॉस्फेट एका बाटलीत विरघळवू नका, दोघांचा गाळ होतो; एक दिवसाआड एक द्या.

एक गैरसमज: जड पाण्यात सीओटू जास्त सोडावा लागतो. तसं नाही. तितकाच वायू सोडला की तितकाच विरघळतो. केएच जास्त असला तर पीएच फक्त वरच्या आकड्यावर थांबतो. केएच ४ ला पीएच ६.६ म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम सीओटू, आणि केएच १५ ला तेवढाच सीओटू पीएच ७.२ ला असतो. ड्रॉप चेकरमध्ये, म्हणजे रंगावरून सीओटू दाखवणाऱ्या टाकीतल्या छोट्या काचेच्या भांड्यात, टाकीचं पाणी न भरता केएच ४ चं तयार द्रावण भरा, हिरवा रंग दोन्हीकडे एकच सांगेल. सीओटू नसलेल्या जड पाण्यात व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात, आणि पानांवर पांढरा खरखरीत थर बसतो. तो रोग नाही, चुना आहे.

आरओ मिसळूनही जीएच आणि केएच आठवड्याभरात चढत असतील तर टाकीतला दगड पाझरतोय. संगमरवरी खडी आणि समुद्रावरून आणलेले शिंपले हे उघड संशयित. नदीपात्रातून आणलेला काळा दगड सुरक्षित समजतात, आणि बहुतेक असतोही. पण आपल्या बेसाल्टात जुन्या वायूच्या फुग्यांच्या पोकळ्या असतात आणि त्यात पांढरे स्फटिक भरलेले असतात. काही झिओलाइट, काही चक्क कॅल्साइट. दगड कोरडा करा, त्या पांढऱ्या ठिपक्यांवर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका, हातमोजे घालून. काहीच झालं नाही तर दगड भरपूर धुवा आणि परत ठेवा. फसफसला तर तो कुंडीत शोभेल.

दुरुस्तीनंतर वाकडी पानं सरळ होणार नाहीत. शेंडा धडधाकट पानाच्या वर छाटा आणि तिथून फुटणाऱ्या नव्या फांदीची पहिली दोन-तीन पानं बघा. ती नीट आली तर काही बदलू नका, खताचा डोसही नाही. आणि पुढच्या वॉटर चेंजआधी बादलीचा जीएच पुन्हा मोजा, कारण टँकर अजून येतोच आहे.